भाड्याच्या खोलीतले स्वातंत्र्य

एका जुन्या इंग्रजी विनोदी मालिकेसाठी पक्षाच्या साप्ताहिकाने जागा खर्च करावी काय, असा प्रश्न काही कार्यकर्ते मित्र निश्चितच विचारतील. महागाई, बेकारी, घरांची टंचाई हे प्रश्न आ वासून उभे असताना लिव्हरपूलच्या दोन मुली, त्यांचा फ्लॅट आणि त्यांचे प्रियकर यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे की, घरांचा प्रश्न आणि त्या दोन मुलींचा फ्लॅट हे दोन निराळे विषय नाहीतच. ते निराळे वाटतात, हीच तर प्रस्तुत लेखाची तक्रार आहे.

'द लायव्हर बर्ड्‌स' ही ती मालिका. बीबीसीने तिचा पहिला नमुना-भाग एप्रिल १९६९ मध्ये दाखविला आणि पुढे खंडाखंडांनी ती १९७९ पर्यंत चालली. लायव्हर हा लिव्हरपूल शहराच्या बोधचिन्हावरील काल्पनिक पक्षी. गोदीकाठच्या रॉयल लायव्हर बिल्डिंगच्या दोन मनोऱ्यांवर १९११ पासून त्याच्या धातूच्या दोन प्रचंड प्रतिमा पंख पसरून उभ्या आहेत. इंग्रजी बोलीत तरुण मुलीलाही 'बर्ड' म्हणतात. आपल्याकडचे नाक्यावरचे टगे 'पाखरू' म्हणतात, तसेच. शीर्षकातला श्लेष हा असा आहे. पहिल्या खंडात डॉन आणि बेरिल या दोघी होत्या. १९७१ मध्ये डॉनच्या जागी सँड्रा आली आणि १९७५ मध्ये बेरिलच्या जागी कॅरोल. पात्रे बदलली, सूत्र मात्र तेच राहिले. एका घरात भाड्याने राहणाऱ्या दोन अविवाहित नोकरदार मुली. एक रांगडी, तोंडाळ, सरळसरळ कामगारवस्तीतली. दुसरी जपून बोलणारी, जरा 'वरच्या' चालीरीतींची, जिच्या आईला आपण शेजाऱ्यांपेक्षा चार पायऱ्या वर आहोत असे सदैव वाटते. या विजोडपणातून हशा पिकतो.

आज पन्नास-पंचावन्न वर्षांनंतर या मालिकेचे उरलेले भाग पुन्हा पाहिले जात आहेत. 'उरलेले' म्हणण्याचे कारण असे की, सुरुवातीच्या काळातील अनेक भाग आता संग्रहात नाहीत. चित्रफिती महाग म्हणून त्या पुसून पुन्हा वापरण्याची त्या काळी बीबीसीत पद्धत होती. जे वाचले त्यावर आता स्मरणरंजनाचा धंदा चालतो, आणि त्या धंद्यातून एक इतिहासही शिकविला जातो. तो इतिहास खोटा आहे, म्हणून ही लेखणी उचलावी लागली.

दोन प्रेक्षक, एक चूक

ही मालिका नव्याने पाहणारे लोक दोन प्रकारचे आढळतात. पहिला प्रकार गहिवरणाऱ्यांचा. काय ते दिवस, काय त्या धीट मुली, आखूड झगे घालून, आईबापांचे घर सोडून, आपल्या पायांवर उभ्या राहिल्या! या मंडळींच्या मते स्वातंत्र्य ही हिमतीची बाब आहे. साठीच्या दशकात तरुणींना एकाएकी हिंमत आली आणि त्या मोकळ्या झाल्या. आजच्या मुली घर सोडू शकत नसतील तर त्यांच्यातच काही उणे असले पाहिजे, असा त्याचा अध्याहृत अर्थ.

दुसरा प्रकार आपल्या घरातला आहे. डाव्या विचाराचे, स्त्रीमुक्तीचा इतिहास वाचलेले हे मित्र मालिकेचे दोन भाग पाहून नाक मुरडतात. या मुली सतत पुरुषांचाच विचार करतात, लग्नाची स्वप्ने पाहतात, संप नाही, मोर्चा नाही, ही कसली मुक्ती? १९७० च्या फेब्रुवारीअखेर ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ब्रिटनमधील पहिली राष्ट्रीय स्त्रीमुक्ती परिषद भरली. समान वेतन, शिक्षणात व नोकरीत समान संधी, मोफत संततिनियमन व मागणीनुसार गर्भपात, चोवीस तासांची मोफत पाळणाघरे या चार मागण्यांवर तेथे विचार सुरू झाला. इकडे इतिहास घडत असता तिकडे बेरिल प्रियकराची वाट पाहत बसली होती, असा या मित्रांचा आक्षेप.

दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही मुलींच्या स्वभावाकडे पाहतात. पहिले टाळ्या देतात, दुसरे गुण कापतात. त्या मुली ज्या खोलीत उभ्या आहेत त्या खोलीकडे कोणीच पाहत नाही. ती खोली कोणाची, तिचे भाडे किती, ते कोठून येते आणि भाडे थकले तर काय होते, हे प्रश्न समाजवाद्याने पहिल्या झटक्यात विचारायला हवेत. दुर्दैवाने सांस्कृतिक विषय आला की आपणही पात्रांच्या मनात शिरतो आणि जमाखर्चाची वही बाहेर ठेवतो.

एका गल्लीची गोष्ट

मालिकेत या मुलींचा पत्ता हस्किसन स्ट्रीटवरचा आहे. हे नाव विल्यम हस्किसनचे. तो लिव्हरपूलचा खासदार आणि खुल्या व्यापाराचा कैवारी होता. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशीच 'रॉकेट' इंजिनाखाली सापडून तो मरण पावला. त्या परिसरातील उंच, दगडी पायऱ्यांची, मोठमोठ्या खिडक्यांची घरे एकोणिसाव्या शतकात श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी बांधली गेली. हे शहर आधी गुलामांच्या व्यापारावर पोसले. १८०७ मध्ये तो व्यापार बेकायदा ठरल्यावरही गुलामांनी पिकविलेली साखर आणि कापूस यांवर त्याचे पोषण चालूच राहिले. मुंबईच्या वाचकाला या घरांशी आपले जुने नाते लागते, हे येथे नमूद करायला हवे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मुंबई बंदरातून गाठीमागून गाठी लिव्हरपूलकडे निघाल्या. मुंबईत सट्ट्याचा ज्वर चढला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो सारा डोलारा कोसळला. लिव्हरपूलच्या त्या दिवाणखान्यांत आपल्या शेतकऱ्याच्या कापसाचाही वाटा आहे.

पुढे व्यापारी उपनगरांकडे सरकले. एकेका कुटुंबाची घरे पडद्या-भिंती घालून खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली जाऊ लागली. लिव्हरपूल-८ या टपाल-विभागातील ही वस्ती गोदी कामगार, खलाशी, विद्यार्थी, आयर्लंडहून आलेली कुटुंबे आणि ब्रिटनमधील सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय समाजांपैकी एक यांची झाली. म्हणजे दोन सामान्य मुलींना त्या भव्य घरात खोली मिळाली ती भांडवलाने ते घर टाकून दिले म्हणून. भांडवलाने टाकलेल्या जागेत माणसे संसार मांडतात आणि त्या जागेला रंग येतो. मग एक दिवस भांडवल परत येते आणि तो रंगच विकायला काढते. आज त्याच परिसराला 'जॉर्जियन क्वार्टर' असे भारदस्त नाव आहे.

धीटपणाचा पाया

आता जमाखर्चाची वही उघडू. १९६९ च्या ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या पाच-सहा लाखांच्या घरात होती. शाळा सोडलेल्या मुलीला नोकरी लागत असे, सुटली तर दुसरी लागत असे. आजारी पडल्यास १९४८ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा होती; डॉक्टरच्या बिलापायी बापाकडे परत जाण्याची पाळी येत नव्हती. विवाहित असो वा अविवाहित, स्त्रीला संततिनियमनाचा सल्ला व साधने देण्याची मुभा स्थानिक संस्थांना १९६७ च्या कायद्याने मिळाली. त्याच वर्षीच्या गर्भपातविषयक कायद्याने चोरट्या सुयांचे राज्य संपविण्यास प्रारंभ केला. १९७४ मध्ये संततिनियमनाची साधने आरोग्य सेवेतून मोफत मिळू लागली.

घराचे म्हणाल तर १९६५ मध्ये विल्सनच्या मजूर सरकारने बिनसामानाच्या खासगी भाड्यासाठी 'वाजवी भाडे' ठरविणारे अधिकारी नेमले आणि भाडेकरूला संरक्षण दिले. परंतु सामानासह दिलेल्या खोल्या या संरक्षणातून वगळल्या गेल्या. पलंग, टेबल आणि फाटका गालिचा टाकला की घरमालक मोकळा! एकट्या तरुण नोकरदारांना नेमक्या अशाच खोल्या परवडत असत. ही फट बुजली ती १९७४ च्या कायद्याने. हे नुसते कायद्याचे तपशील नव्हेत. 'घर सोडा' असे सांगताना मालकाला कारण द्यावे लागते की नाही, यावर त्या खोलीत मुलगी ताठ मानेने राहणार की मालकिणीची मर्जी सांभाळून, हे ठरत असते.

वेतनाचीही गोष्ट अशीच आहे. १९७० च्या सुमारास ब्रिटिश स्त्रीची तासाची मिळकत सरासरीने पुरुषाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी होती. एका खोलीत दोघी का राहतात, याचे पहिले उत्तर येथे आहे. मैत्रीची आवड हे नंतरचे. एकटीच्या पगारात भाडे भागत नाही, म्हणून स्वभाव जुळो वा न जुळो, दुसरी लागते. मालिकेचा सारा विनोद ज्या विजोडपणावर उभा आहे तो विजोडपणा स्त्रीच्या अपुऱ्या वेतनाने जमविलेला आहे. १९६८ च्या जूनमध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची आच्छादने शिवणाऱ्या स्त्रियांनी यंत्रे थांबविली. मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने त्यांना पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के वेतन मिळाले. कामाची योग्य श्रेणी मिळायला मात्र १९८४ साल उजाडले. त्या संपाच्या रेट्याने १९७० चा समान वेतन कायदा आला. तोही मालकांना तयारीसाठी पाच वर्षांची सवलत देऊन १९७५ च्या डिसेंबरअखेर अमलात आला. त्याच दिवशी लिंगभेदविरोधी कायदा लागू झाला. तोपर्यंत घरासाठी कर्ज मागणाऱ्या कमावत्या स्त्रीलाही पुरुष जामीन आणायला सांगण्याची सर्रास चाल होती.

तेव्हा बेरिल आणि सँड्रा यांचा धीटपणा कोठून आला, याचे उत्तर सोपे आहे. गोदीतल्या, गिरण्यांतल्या, कारखान्यांतल्या दोन पिढ्यांनी भांडून मिळविलेल्या व्यवस्थेच्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. हिंमत त्यांच्या आज्यांकडेही होती. आज्यांकडे नव्हते ते भाडे, औषध आणि बदली नोकरी.

विनोदाला जे दिसले नाही

याचा अर्थ मालिका निर्दोष होती असा नव्हे. तिच्या कथा घरात, आयांच्या बैठकीत आणि प्रियकरांच्या भोवती फिरतात. जेथे दिवसाचे आठ तास जातात ते कामाचे ठिकाण तिच्या कडेला राहते. मुलींच्या हाती पैसा येतो, पण तो मिळविताना काय सोसावे लागते हे प्रेक्षकाला क्वचितच कळते.

त्याहून गंभीर गोष्ट शेजाऱ्यांची. पत्ता लिव्हरपूल-८ चा आणि मुख्य पात्रांत एकही कृष्णवर्णीय नाही! कातडीच्या रंगावरून खोली नाकारणे बेकायदा ठरविणारा कायदा ब्रिटनमध्ये १९६८ च्या अखेरीस आला. आधीच्या १९६५ च्या कायद्यात घरांचा विषयच नव्हता. म्हणजे ही मालिका सुरू होण्यापूर्वी काही महिन्यांपर्यंत तसल्याच खोलीच्या दारातून काळ्या मुलीला परत पाठविणे पूर्णपणे कायदेशीर होते. विजोड मैत्रिणींच्या गोष्टीत ही तिसरी मुलगी कधी आलीच नाही. १९८१ च्या जुलैत याच टॉक्स्टेथ भागात पोलिसी जाचाविरुद्ध उठाव झाला. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर जमावावर प्रथमच अश्रुधूर सोडण्यात आला आणि पोलिसांच्या गाडीखाली डेव्हिड मूर हा अपंग तरुण मृत्युमुखी पडला. तेव्हा 'हे कोठून आले?' असे विचारणाऱ्या प्रेक्षकांनी दहा वर्षे त्याच वस्तीतली मालिका पाहिली होती.

तिसरी गोष्ट प्रियकरांची. मुलींच्या फ्लॅटमध्ये कोण मुक्कामाला राहिले आणि आईला काय वाटेल, हा मालिकेतला हमखास हशाचा प्रसंग. परंतु त्याच काळात सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या एकट्या स्त्रीला 'सहवासाचा नियम' लागू होता. ती पुरुषाबरोबर राहते असा संशय आला की तिचा भत्ता तोडला जाई. त्यासाठी निरीक्षक पाळत ठेवीत, शेजाऱ्यांकडे चौकशी करीत. पगारदार मुलीला जी गंमत होती ती बेकार आईला उपासमार होती. स्वातंत्र्य मिळकतीवर कसे अवलंबून असते, याचा याहून ढळढळीत दाखला कोणता हवा?

आणि चौथी गोष्ट किर्बीची. लिव्हरपूलच्या वेशीवरील या कामगारनगरीत टॉवर हिल वसाहतीतील भाडेकरूंनी ऑक्टोबर १९७२ मध्ये भाडेबंदी पुकारली. हीथच्या हुजूर सरकारने त्याच वर्षी गृह-अर्थसाहाय्याचा नवा कायदा करून सार्वजनिक घरांची भाडी वाढविली होती. किर्बीत आठवड्याला एक पौंडाची वाढ आली. चौदा महिने लोकांनी ती भरली नाही. काहींना तुरुंगात जावे लागले. या लढ्यात वसाहतीतील स्त्रिया आघाडीवर होत्या. बेरिलच्या वयाच्या, बेरिलच्या बोलीत बोलणाऱ्या, तिच्यासारख्याच फटकळ. निक ब्रूमफील्ड या तरुण चित्रपटकाराने त्यांच्यावर १९७४ मध्ये माहितीपट केला, पण किती जणांनी तो पाहिला? भाडे थकल्याचा विनोद लाखोंच्या घरात पोहोचला. भाडे नाकारल्याची बातमी गावाबाहेर गेली नाही.

तरीही ती आपली का

मग ही मालिका फेकून द्यावी काय? येथे डाव्या मित्रांशी आमचा खरा मतभेद आहे.

ती लिहिली कोणी ते पाहा. कार्ला लेन आणि मायरा टेलर या लिव्हरपूलच्या दोन गृहिणी. एका लेखक-मंडळात त्यांची ओळख झाली आणि शहरातल्या अडेल्फी हॉटेलात बसून त्या लिहू लागल्या. लंडनच्या विद्यापीठी पोरांनी भरलेल्या विनोद-विभागात या दोघींनी उत्तरेची बोली आणि स्त्रीची जीभ एकाच वेळी नेली. तोपर्यंतच्या ब्रिटिश विनोदात स्त्रीची कामे ठरलेली होती: कजाग बायको, खाष्ट सासू, नाही तर मख्ख सुंदरी. विनोद तिच्यावर होई. बेरिल स्वतः विनोद करते, आणि बहुधा तो सभ्यपणाच्या ढोंगावर असतो.

मॉली सगडेन यांनी साकारलेली सँड्राची आई, मिसेस हचिन्सन, हे त्या ढोंगाचे मूर्तिमंत रूप. मुलीने 'चांगल्या' घरात पडावे, बेरिलसारख्या मुलीची संगत सोडावी, हा तिचा ध्यास. कष्टकरी वर्गाला आतून चिरणारी ही रेघ, 'आम्ही सभ्य आणि ते गावंढळ' ही, आपण सिद्धांताच्या भाषेत शेकडो वेळा मांडली असेल. मालिकेने ती चहाच्या टेबलावर मांडली आणि लक्षावधी कामगार-कुटुंबांना तिच्यावर हसविले. ज्या घरात आपले पत्रक रद्दीत जाते त्या घरात हे हसू शिरले. शिवाय आईचा सारा आटापिटा चालू असूनही दोघी एकमेकींना सोडीत नाहीत, हे विसरून चालणार नाही. भाड्याच्या गरजेने एकत्र आणलेल्या दोन थरांतील मुली एकमेकींची बाजू घ्यायला शिकतात. संघटना याहून वेगळ्या रीतीने सुरू होते, असा कोणा कार्यकर्त्याचा अनुभव असेल तर त्याने तो जरूर कळवावा.

त्या मुली पुरुषांचा विचार करतात, हा आक्षेप तर आम्हाला उद्धटपणाचा वाटतो. कामगाराने केवळ संपाचाच विचार करावा, अशी अपेक्षा आपण पुरुषांकडून करीत नाही. त्याला फुटबॉल चालतो, बिअर चालते. मुलीने मात्र प्रेमाचा विचार केला की तिची जाणीव कच्ची!

जमीन सरकली तेव्हा

१९७९ मध्ये मालिका संपली. त्याच वर्षी मे महिन्यात थॅचरबाई सत्तेवर आल्या. योगायोग म्हणावा तर लिव्हरपूलची घसरण आधीच सुरू झाली होती. १९७२ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील जुन्या गोद्या बंद झाल्या. सीफोर्थच्या नव्या कंटेनर-गोदीला पूर्वीइतके हात लागत नव्हते. १९७८ मध्ये स्पीक येथील मोटार कारखान्याला आणि १९८१ मध्ये टेट अँड लाइलच्या साखर कारखान्याला टाळे लागले. जानेवारी १९८२ मध्ये देशातील बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला. टॉक्स्टेथच्या उठावानंतर अर्थमंत्री जेफ्री हौ यांनी मर्सीकाठावर मर्यादित पैसा ओतण्याविरुद्ध थॅचरबाईंना सावध केले आणि शहराचा 'व्यवस्थापित ऱ्हास' हा पर्याय अगदीच विसरू नये असे सुचविले. ही कागदपत्रे २०११ च्या अखेरीस उघड झाली, तेव्हा लिव्हरपूलच्या लोकांना त्यात नवे काही वाटले नाही. त्यांनी तो ऱ्हास भोगला होता.

कार्ला लेन यांची लेखणी या बदलाची साक्ष देते. १९८६ मध्ये त्यांनी 'ब्रेड' ही मालिका आणली. तीही लिव्हरपूलचीच, आणि कुटुंबाचे आडनावही कॅरोलचेच, बॉसवेल. पण आता मोठी झालेली मुले आईच्या घरातच आहेत. बेकारभत्ता आणि नाना खटपटी करून ती रोजची भाकरी मिळवितात आणि जेवणाच्या टेबलावरील भांड्यात पैसे टाकतात. सतरा वर्षांपूर्वी मुली घर सोडून निघाल्या होत्या. आता घर सोडणे कोणालाच परवडत नव्हते. या वर्षांत लिव्हरपूलच्या मुलांचा स्वभाव बदलला होता काय?

१९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने उरलेली जमीनही काढून घेतली. जानेवारी १९८९ नंतरच्या खासगी भाडेकरारांतून 'वाजवी भाडे' हद्दपार झाले आणि अल्पमुदतीच्या करारांखाली काही कारण न देता घर रिकामे करून घेण्याचा अधिकार मालकाला मिळाला. तो अधिकार रद्द करणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला तो थेट २०२५ साली. मध्ये छत्तीस वर्षे गेली. १९९६ मध्ये बीबीसीने बेरिल आणि सँड्रा यांना परत आणले. दोघी प्रौढ, दोघींची लग्ने मोडलेली, पुन्हा एका छपराखाली. एका खंडातच तो प्रयोग आटोपला. टीकाकार म्हणाले, जुनी जादू राहिली नाही. जादू म्हणजे काय होते, याचा हिशेब मात्र त्यांनी मांडला नाही.

मानसिकतेची सबब

हे सारे आपल्या कार्यकर्त्यांपुढे ठेवण्याचे कारण आता सांगतो. स्त्रियांच्या प्रश्नावरील कोणत्याही परिसंवादात एक वाक्य ऐकू येतेच: 'समाजाची मानसिकता बदलली पाहिजे.' वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, टाळी ठरलेली. या वाक्याची सोय अशी की त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. मानसिकता बदलण्यासाठी घरमालकाला दुखवावे लागत नाही, कारखानदाराकडे वेतनवाढ मागावी लागत नाही, सरकारकडे निवासगृहे मागावी लागत नाहीत.

लिव्हरपूलच्या उदाहरणाने या सबबीचे पितळ उघडे पडते. तेथे मानसिकता बदलली, यात शंका नाही. १९६९ मध्ये ज्या गोष्टीवर आया डोळे वटारीत होत्या तिला आज तेथे कोणी हरकत घेणार नाही. अविवाहित मुलीने वेगळे राहावे, हे आता सर्वमान्य आहे; फक्त ते परवडत नाही. मन मोकळे झाले आणि दार बंद झाले. साठीतल्या मुलीला समाजाची परवानगी नव्हती, पण खोली होती. आजच्या मुलीला परवानगी आहे. या दोहोंतून कशाने माणूस मोकळा होतो, ते आईच्या घरात तिशी ओलांडणाऱ्या कोणत्याही नोकरदार मुलीला विचारावे.

मानसिकतेला काही किंमत नाही, असे आमचे म्हणणे नाही. तिसऱ्या मुलीला दार न उघडणारी मानसिकताच होती. पण तीही कायद्याने, संघटनेने आणि शेवटी रस्त्यावरच्या संघर्षाने हलविली. उपदेशाने ती हलली नाही. १९७६ ते १९७८ या काळात लंडनच्या ग्रनविक कारखान्यापुढे जयाबेन देसाई आणि त्यांच्या भारतीय भगिनी संपावर उभ्या राहिल्या, तेव्हा साडीतल्या बायका संप करीत नाहीत ही गोऱ्या कामगारनेत्यांची मानसिकता होती. हजारो गोरे कामगार त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले ते कोणी त्यांचे प्रबोधन केले म्हणून नव्हे. त्या बाया फाटकावरून हटत नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून. संप हरला, पण ती समजूत पुन्हा पूर्वीसारखी उभी राहू शकली नाही.

तेव्हा मित्रहो, जुन्या मालिका अवश्य पाहाव्यात. हसावे, मिसेस हचिन्सनवर तर पोट धरून हसावे. पण कोणी उमाळ्याने म्हणाला की 'काय धीट मुली होत्या!', तर त्याला एवढेच विचारावे: भाडे किती होते, पगार किती होता, आणि मालकाला त्यांना कारण न देता बाहेर काढता येत होते काय? आणि आपल्या पुढच्या बैठकीत स्त्री-आघाडीची विषयपत्रिका ठरेल तेव्हा तीत हेच तीन प्रश्न सर्वांत वर लिहावेत. त्यांच्या खाली मानसिकतेसाठी भरपूर जागा शिल्लक राहील.